उत्तनची टेकडी, भाईंदरचा गाळा

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारा रस्ता मुर्धा, राई आणि मोर्वा ही गावे मागे टाकून एकदा डोंगरीच्या चढाला लागला, की ज्या शहराला आपण गर्दी, गाळे आणि सकाळच्या विरार लोकलचे दार या तीनच गोष्टींनी ओळखतो ते शहर हेच काय, असा संभ्रम पडावा इतका पालट दृष्टीस येतो. वारा समुद्राचा असतो, झाडी दाट होत जाते, आणि त्या झाडीत, केशवसृष्टीच्या परिसरालगत, महाराष्ट्र न्यायिक अकादमीची वास्तू उभी आहे, हे २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेलेल्या या शहरातील किती नागरिकांना ठाऊक असेल, याविषयी मला शंकाच आहे. लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदावर निवडले गेलेले तरुण-तरुणी राज्याच्या कानाकोपऱ्यांतून येथे येतात आणि न्यायासनावर बसण्यापूर्वी त्या आसनाची तालीम घेतात. जवळच, १९८२ साली स्थापन झालेली रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी लोकप्रतिनिधींना आणि कार्यकर्त्यांना शिकवण्याचे काम करते. निवडून आलेल्या माणसालाही काही शिकणे शिल्लक असते, ही कल्पना आपल्या देशात ज्यांनी प्रथम मांडली त्यांच्या धैर्याची मला नेहमीच मौज वाटत आली आहे. गमतीचा भाग असा, की न्यायाधीश घडविण्याची ही शाळा या शहरात अनेक वर्षे चालली, आणि शहराला स्वतःचे न्यायालय मात्र मीरा रोड येथे २०२५ साली मिळाले. तोवर येथील पक्षकार आपले कज्जे घेऊन ठाण्याच्या वाऱ्या करीत होता.

नव्या माणसाला काम देण्याआधी किती शिकवावे, हा प्रश्न न्यायखात्याने जितका घोळविला तितका अन्य कोणत्याही खात्याने घोळविलेला नसेल. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की कनिष्ठ न्यायाधीशाच्या पदासाठी येणाऱ्या उमेदवाराने निदान तीन वर्षे वकिली केलेली असावी. पुढे न्यायमूर्ती जगन्नाथ शेट्टी यांच्या आयोगाने उलट बाजू मांडली: हुशार मुले वकिलीच्या धंद्यात एकदा स्थिरावली की या नोकरीकडे वळत नाहीत, तेव्हा त्यांना पदवी हाती येताच घ्यावे आणि अनुभवाची उणीव वर्ष-दोन वर्षांच्या प्रशिक्षणाने भरून काढावी. २००२ साली ते मान्य झाले. त्यानंतर दोन दशके नवपदवीधर न्यायासनावर बसत राहिले, आणि त्या अनुभवाअंती देशातील बहुतेक उच्च न्यायालयांनी जेव्हा हे पुरेसे नाही असा अभिप्राय दिला, तेव्हा २० मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. परंतु या निकालातील जी गोष्ट वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आली नाही ती मला अधिक महत्त्वाची वाटते. ती अशी, की वकिलीची अट परत आणतानाही न्यायालयाने निवड झालेल्या प्रत्येकाला न्यायदालनात बसण्यापूर्वी किमान एक वर्षाचे प्रशिक्षण बंधनकारक ठेवले. म्हणजे बत्तीस वर्षांच्या हेलकाव्यानंतर निष्पन्न झाले ते हे, की अनुभव शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही आणि शिक्षण अनुभवाची जागा घेऊ शकत नाही.

याचे कारण न्यायालयात एक दिवस बसून पाहिले तर कळते. नव्या न्यायाधीशासमोर कायद्याचा गहन प्रश्न क्वचितच येतो. येतो तो माणसांचा आणि कागदांचा प्रश्न. वकील मुदतीचा अर्ज पुढे करतो, आणि त्याच वेळी तिसऱ्यांदा एस.टी.ने आलेला साक्षीदार बाहेरच्या बाकावर डबा जवळ घेऊन बसलेला असतो. तातडीच्या मनाई हुकुमासाठी एकजण दारात उभा असतो. दरखास्तीचे प्रकरण बेलिफाच्या अहवालावाचून अडलेले असते. आणि संध्याकाळी रोजनाम्यात या सगळ्याची अशी नोंद व्हावी लागते, की उद्या वरिष्ठ न्यायालयाने ती वाचली तर आजचा दिवस त्याला जसाच्या तसा दिसावा. यांपैकी एकही गोष्ट परीक्षेत विचारली जात नाही. आणि ज्याला ती कोणी दाखविलेली नाही तो काय करतो? तो चुकीचा हुकूम देत नाही, कारण चुकण्याची त्याला भीती असते. तो पुढची तारीख देतो. न शिकविलेल्या अधिकाऱ्याचा सर्वांत सुरक्षित हुकूम म्हणजे तारीख. आपल्याकडील विलंबाची जी नानाविध कारणे सांगितली जातात, त्यांत या नवखेपणाच्या भयाचा वाटा किती असेल याचा हिशेब कोणी मांडलेला माझ्या वाचनात नाही, पण तो लहान नसावा.

ही गोष्ट केवळ न्यायासनाची नाही. अनेक वर्षांपूर्वी मी एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा तेथील अव्वल कारकुनांनी, ज्यांना सारे कार्यालय भाऊसाहेब म्हणे, माझ्यापुढे वीसएक बंद झालेल्या नस्त्या ठेवल्या आणि म्हणाले, "पंधरा दिवस पेन उघडायचं नाही. ह्या वाच, आणि कुठल्या पानावर घोटाळा झाला ते मला सांग." पहिले तीन दिवस मला हा अपमान वाटला, आठव्या दिवशी मला एका भूसंपादनाच्या नस्तीत, जेथे एका साध्या नोटिशीची पोच जोडायची राहिल्यामुळे प्रकरण सात वर्षे खोळंबले होते, ते पान सापडले, आणि त्या पानाने मला जे शिकविले ते पुढे कोणत्याही परिपत्रकाने शिकविले नाही. माझ्या सोबतच दुसऱ्या कार्यासनावर रुजू झालेल्या मित्राला असा कोणी भेटला नाही. तो माझ्यापेक्षा बुद्धिमान होता, अक्षरही सुरेख होते. परंतु पुढची तीन वर्षे तो प्रत्येक कागदावर 'आदेशार्थ सादर' एवढाच शेरा मारून तो वर ढकलीत राहिला. तीही तारीखच होती, फक्त तिचे नाव निराळे होते.

आमच्या दफ्तरी परंपरेला हे नवे नव्हते. हेमाडपंताच्या नावावर चालत आलेली मेस्तके ही कारकुनांसाठी लिहिलेली मार्गदर्शकेच होती: हिशेब कसा मांडावा, कोणता कागद कोणत्या मायन्याने लिहावा, कोणत्या हुद्देदाराचे काम काय, हे सारे त्यांत असे, आणि उमेदवार ती नकलून घेता घेता मोडीचे वळण आणि कारभाराचे वळण एकदमच गिरवी. रामशास्त्री प्रभुण्यांची जी एकच गोष्ट आपण नाटकांतून आणि पाठ्यपुस्तकांतून सांगतो, ती राघोबादादाला सुनावलेल्या देहान्त प्रायश्चित्ताची. परंतु ते १७५१ मध्ये पेशव्यांच्या पदरी आले आणि मुख्य न्यायाधीश झाले ते १७५९ मध्ये, ही मधली आठ वर्षे कोणी रंगभूमीवर आणीत नाही. काशीचे अध्ययन पुरे करून आलेल्या विद्वानालाही न्यायाधिशी मिळण्यापूर्वी आठ वर्षे दरबारात काढावी लागली, आणि तरीही हे कोणाला वावगे वाटले नाही.

आता टेकडी उतरून रुळांच्या पूर्वेला या. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टीलची भांडी करणारे शेकडो गाळे आहेत. आपल्या स्वयंपाकघरातील वाटी, डबा, परात यांपैकी काहीतरी येथूनच आलेले असण्याचा संभव आहे. पत्र्याचे गोल कापून आणले जातात, पॉवर प्रेसमधील डायखाली एकेक गोल सरकविला जातो, दाब पडतो, वाटी तयार होते, आणि पुढे काठ वळवून ती पॉलिशच्या चाकावर जाते, जेथे काळ्या भुकटीने माखलेल्या चेहऱ्याचे माणूस दिवसभर त्या चाकापुढे बसलेले असते. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, ओडिशातून आलेला पोरगा गावच्या कोणाच्या तरी ओळखीने या गाळ्यात शिरतो, आणि त्याचे प्रशिक्षण म्हणजे शेजारच्याने उच्चारलेले दोन शब्द असतात: बघ, आणि कर. प्रेसच्या पुढे जे संरक्षक जाळीचे आवरण असते ते कशासाठी आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. मजुरी नगावर मिळते, आवरणामुळे हात सावकाश चालतो, आणि ज्याला कारण ठाऊक नाही त्याला प्रत्येक संरक्षण ही आडकाठीच वाटते. तो ते काढून ठेवतो, आणि मालकही ते काढलेले पाहून न पाहिल्यासारखे करतो.

टेकडीवरच्या नवख्याला आणि गाळ्यातल्या नवख्याला वेगळे करणारी गोष्ट येथे आहे, आणि ती विद्वत्तेची नव्हे. न्यायाधीशाला आणि कारकुनाला काम समजले नाही तर ते काम पुढे ढकलता येते; प्रेससमोर बसलेल्याला तारीख देता येत नाही. यंत्राचा दाब ठरल्या क्षणी खाली येतो, आणि तेथे हात असेल तर हातावर येतो. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील कामगार-अपघातांच्या दाव्यांचा वर्षानुवर्षे जो अभ्यास झाला, त्यातून असे दिसून आले, की नोकरीच्या पहिल्या महिन्यात इजा होण्याचा धोका वर्षाहून अधिक काळ टिकलेल्या कामगाराच्या तुलनेने तिपटीहून अधिक असतो. हे त्या देशाचे आकडे झाले, जेथे निरीक्षक असतात आणि दावे नोंदवले जातात. आमच्या गाळ्यांत बोट गेलेला मुलगा बहुतेक वेळा नोंदवहीत नव्हे, गावी गेलेला असतो.

मालक वाईट असतात म्हणून ते शिकवीत नाहीत, असे मला म्हणायचे नाही. त्यांचे गणित निराळे आहे. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली हे गणित मांडून दाखविले, की जे कौशल्य कोणत्याही कारखान्यात कामास येईल ते शिकविण्याचा खर्च कोणताच मालक आपणहून सोसणार नाही, कारण शिकलेला माणूस शेजाऱ्याकडे गेला तर खर्च याचा आणि फळ त्याचे. भाईंदरच्या वसाहतीत पॉलिशवाला नगामागे काही पैसे अधिक मिळाले की पुढच्या गल्लीतील गाळ्यात जातो, हे तेथील प्रत्येक मालक सांगेल. आपला शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे, आणि २०१९ च्या नियमांप्रमाणे शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती आहे ती तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर. त्याखाली ते मर्जीवर सोडले आहे. पाचदहा माणसांचा गाळा या चौकटीच्या बाहेरच राहतो, आणि आमचे बहुतेक गाळे तसेच आहेत.

'शिकवला की पळतो' ही समजूत मात्र वाटते तितकी पक्की नाही. बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिवणाऱ्या स्त्रियांना संभाषण, वेळेचे नियोजन, अडचण मांडण्याची रीत अशा गोष्टींचे शिक्षण देऊन अर्थशास्त्रज्ञांनी जो पद्धतशीर प्रयोग केला, त्यात शिकलेल्या स्त्रियांची उत्पादकता न शिकलेल्यांपेक्षा सुमारे साडेतेरा टक्क्यांनी अधिक भरली, आणि नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण काही वाढले नाही. मालकाला घातलेला पैसा कितीतरी पटींनी परत मिळाला. मात्र त्याच प्रयोगात त्या स्त्रियांच्या वेतनात पडलेली भर अर्ध्या टक्क्याची होती. प्रशिक्षणाची थोरवी गाणारे लोक पहिला आकडा सांगतात आणि दुसरा गिळतात. मला दोन्ही सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण शिकून जे वाढते ते कोणाच्या खिशात जाते, हा प्रश्न शिकणाऱ्याच्या मनातून कधी जात नाही आणि जाऊही नये.

दुसरा प्रयोग आपल्या अगदी शेजारचा आहे. भाईंदरहून रुळांच्या वाटेने उत्तरेस गेले की बोईसरजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत लागते. तेथील आणि पुढे उंबरगावच्या कापड-कारखान्यांत अमेरिकी विद्यापीठांतील अभ्यासकांनी व्यवस्थापनाचे धडे देणारी माणसे काही महिने नेऊन बसविली. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी ऐकून मराठी गृहिणीला हसू येईल: जमीन झाडून घ्यावी, सूत नोंद करून मांडावे, दोष रोजच्या रोज वहीत लिहावा, आणि त्या वहीवर सकाळी सर्वांनी मिळून बोलावे. पहिल्या वर्षातच उत्पादकता सतरा टक्क्यांनी वाढली. परंतु आठ-नऊ वर्षांनी तेच अभ्यासक परत गेले तेव्हा त्यांना असे आढळले, की घालून दिलेल्या रीतींपैकी जवळजवळ निम्म्या गळून गेल्या होत्या, आणि जेथे व्यवस्थापक बदलला तेथे ही गळती अधिक होती. मी या दुसऱ्या भेटीला पहिलीपेक्षा अधिक मोल देतो. शिकविलेले माणसात राहते, संस्थेत राहत नाही. आणि माणूस गेला, त्याने दुसऱ्याला दिले नाही, की वही पुन्हा कोरी होते. ज्या राज्यात अधिकाऱ्याची दर तीन वर्षांनी बदली हा शिरस्ता आहे, त्या राज्याला हे निराळे सांगायला नको.

सरकारलाही प्रशिक्षणाचे मोल कळते, निदान त्याचे नाव तरी प्रिय आहे. २०२४ च्या जुलैत मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. बारावी झालेल्यास सहा हजार, आय.टी.आय. वा पदविकाधारकास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये मासिक विद्यावेतन, आणि मुदत सहा महिने, जी पुढे वाढविण्यात आली. तरुणांना कचेरीचे दार उघडले हे चांगलेच झाले. परंतु त्यांच्याशी बोलताना मी एकच प्रश्न विचारतो, की तुम्हांला शिकविले कोणी? आणि उत्तरादाखल बहुधा हसणेच मिळते. रिकाम्या पडलेल्या खुर्चीवर प्रशिक्षणार्थी बसविला की खुर्ची भरल्यासारखी दिसते. परंतु ज्याने त्याला शिकवावे तो कारकून निवृत्त होऊन गेल्यामुळेच ती खुर्ची रिकामी झालेली असते. आणि जेथे रीतसर वर्ग होतात तेथे दिवसअखेरीस एक अभिप्रायपत्रक भरून घेतले जाते: व्याख्यान आवडले काय, चहा-नाश्ता ठीक होता काय. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी प्राध्यापकाने १९५९ मध्येच सांगून ठेवले होते, की शिकणाऱ्याला आवडले काय ही पहिली पायरी, तो शिकला काय ही दुसरी, त्याचे वागणे बदलले काय ही तिसरी, आणि कामावर परिणाम झाला काय ही चौथी. साठ-पासष्ट वर्षे झाली. आमचे पत्रक पहिल्या पायरीवर चहा पीत बसले आहे.

टेकडीच्या पलीकडच्या उताराला, उत्तनच्या किनाऱ्यावर, याहून जुनी एक शाळा आहे आणि तिला ना इमारत आहे ना पत्रक. डोल जाळ्याच्या मासेमारीत नवा पोऱ्या होडीवर चढतो तो खलाशी म्हणून. उधाण कधी, भांग कधी, पाणी कोणत्या प्रहरी ओढ घेते, जाळे कधी टाकावे आणि त्याहून अवघड म्हणजे कधी उचलावे, हे तो तांडेलाच्या शेजारी उभा राहून वर्षानुवर्षे पाहतो, आणि सुकाणू त्याच्या हाती येते ते तांडेलाला पटल्यावर, त्याने मागितल्यावर नव्हे. मी या पद्धतीचे गोडवे गाण्यासाठी तिचा उल्लेख करीत नाही. तिच्यात मारही होता आणि शोषणही होते, आणि आजची पोरे समुद्राकडे पाठ फिरवून मीरा रोडच्या मॉलमध्ये नोकरी धरतात त्यालाही कारणे आहेत. पण एक गोष्ट तेथे स्पष्ट आहे: नवख्याची चूक होडीतल्या सर्वांना भोवते, म्हणून त्याला शिकविणे हे होडीतल्या सर्वांचे काम असते. गाळ्यात चूक एकट्या पोराला भोवते. कचेरीत ती समोरच्या नागरिकाला भोवते, जो खिडकीबाहेर उभा असतो. शिकविणे ज्याच्या हाती आहे त्याला जेथे चुकीची किंमत द्यावी लागत नाही, तेथे शिकविण्याला अंदाजपत्रकात जागा मिळत नाही.

म्हणून मला अपेक्षा आहे ती मालकाच्या सद्बुद्धीची नाही, मीरा-भाईंदर महानगरपालिकेकडून आहे. १९८५ साली नगरपालिका आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झालेल्या या संस्थेकडे आज दोन गोष्टी आहेत: ठेक्यांच्या अटी लिहिण्याचा अधिकार, आणि औद्योगिक वसाहतींकडून येणारा कर. सफाईच्या ठेक्यात झाडू किती, गाड्या किती, गैरहजेरीला दंड किती, हे जसे लिहावे लागते तसेच हेही लिहिता येईल, की नव्या सफाई कामगाराला पहिले पंधरा दिवस अनुभवी मुकादमाच्या सोबतीने, पूर्ण मजुरीवर, शिकूनच काम करावे लागेल, आणि त्या पंधरा दिवसांचे काही मुकादमालाही मिळेल. हाताने मैला उपसण्यावरची बंदी २०१३ च्या कायद्याने अधिक व्यापक झाली. परंतु सेप्टिक टँकचे झाकण उघडल्यावर आत विषारी वायू असू शकतो, आणि आत पडलेल्याला वाचवायला दुसऱ्याने लगोलग उडी घ्यायची नसते, हे ज्याला कोणी सांगितलेच नाही त्याच्यासाठी तो कायदा अस्तित्वातच आलेला नाही. गाळ्यांसाठीही एक सामायिक शेड आणि जुना, हात शाबूत राहिलेला एक कारागीर, एवढ्याने प्रारंभ होऊ शकेल. तीस माणसांची अट एका गाळ्याला लागू पडत नसली तरी साऱ्या वसाहतीची मिळून माणसे हजारांनी भरतात.

यावर मला ठरलेले उत्तर मिळते, की पंधरा दिवस माणूस बसवून ठेवणे परवडत नाही. न्यायखात्याला वर्षभर परवडते. लाखो प्रकरणे तुंबलेली असताना, न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या असताना, नेमलेल्या न्यायाधीशाला एक वर्ष काम न देता उत्तनच्या टेकडीवर आणि अनुभवी न्यायाधीशांच्या दालनांत बसवून ठेवायचे, हे परवडते असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आहे. तेव्हा प्रश्न परवडण्याचा नसून, कोणाची चूक आपण महाग मानतो याचा आहे.

ठेक्याच्या अटींतील ते पंधरा दिवसांचे कलम उद्या लिहायचे ठरलेच, तर त्याचा मसुदा महापालिकेतील एखाद्या कारकुनाच्या टेबलावर येईल. तो बहुधा नवाच असेल, आणि कागद समजला नाही तर 'आदेशार्थ सादर' एवढे लिहून तो वर पाठवील. त्याच्या शेजारी त्या दिवशी कोणाला तरी खुर्ची ओढून बसावे लागेल.